गिल्डा रॅडनरला त्या यादीत बसवू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अकाली गेलेल्या विनोदी कलावंतांवर आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. जॉन बेलुशी आणि ख्रिस फार्ली या अमेरिकी विनोदी नटांविषयी त्यात जे लिहिले आहे त्याबद्दल माझी तक्रार नाही. बेलुशी मार्च १९८२ मध्ये आणि फार्ली डिसेंबर १९९७ मध्ये गेला. दोघांचेही वय तेहतीस होते आणि दोघांचाही बळी अमली पदार्थांनी घेतला, हे सर्वज्ञात आहे. मात्र त्याच परिच्छेदात, त्याच वाक्याच्या ओघात, गिल्डा रॅडनर या अमेरिकी विनोदी नटीचे नाव आले आणि लोकांना हसवणारी माणसे आतून पोखरलेली असतात, याचा आणखी एक दाखला म्हणून ते तिथेच सोडून देण्यात आले. हे मला खटकले आणि म्हणून हे पत्र. गिल्डा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. तो कर्करोग ओळखला जाण्याआधी जवळजवळ दहा महिने ती डॉक्टरांकडे खेटे घालत होती. तिच्या मृत्यूला तिच्या स्वभावातले काही कारणीभूत झाले नव्हते. निदानाला उशीर झाला होता. एका ओळीत तिला त्या दोघांच्या शेजारी बसवले की हा उशीर दिसेनासा होतो.

तिच्या कामाविषयी लेखात काहीच नसल्यामुळे आधी ते थोडे विस्ताराने सांगते, कारण आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना ती ठाऊक असण्याचे कारण नाही.

गिल्डाचा जन्म २८ जून १९४६ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील हॉटेल चालवत आणि नाटकांचे शौकीन होते. ती बारा वर्षांची असताना त्यांना मेंदूची गाठ असल्याचे निष्पन्न झाले आणि दोन वर्षे अंथरुणाला खिळून ते गेले. घरात तिला सांभाळणारी एक वयस्क दाई होती, जिला ती डिबी म्हणत असे. लठ्ठपणावरून शाळेत मुले चिडवतात हे कळल्यावर डिबीने तिला सांगितले की, ती चिडवण्याआधी तूच स्वतःवर विनोद कर आणि मोकळी हो. आईने मात्र ती दहा वर्षांची असतानाच तिला डॉक्टरांकडे नेऊन वजन कमी करण्याच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. अन्नाशी असलेले तिचे नाते त्यानंतर कधीच सरळ राहिले नाही, आणि पुढे ऐन प्रसिद्धीच्या काळात तिला भरपूर खाऊन ते उलटून टाकण्याचा विकार जडला. लेखकाच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे की, हे दुःख खरे होते आणि तिने ते स्वतःच्या आत्मचरित्रात लपवलेले नाही. परंतु त्या दुःखाने तिचा जीव घेतला नाही.

मिशिगन विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून ती कॅनडात टोरांटोला गेली. तिथे १९७२ मध्ये ‘गॉडस्पेल’ या संगीतनाटकात तिला भूमिका मिळाली. त्याच संचात मार्टिन शॉर्ट, यूजीन लेव्ही, अँड्रिया मार्टिन ही पुढे नावारूपाला आलेली मंडळी होती. मग ‘सेकंड सिटी’ या संस्थेच्या टोरांटो शाखेत तिने संहितेविना, प्रेक्षकांनी सुचवलेल्या विषयावर उभ्या उभ्या प्रसंग रचण्याचे काम केले. पुढे न्यूयॉर्कला आल्यावर रेडिओवर बेलुशी आणि चेव्ही चेस यांच्याबरोबर विनोदी कार्यक्रम केले. लॉर्न मायकल्स या निर्मात्याने १९७५ मध्ये शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपित होणाऱ्या, दीड तासाच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाची जुळवाजुळव सुरू केली तेव्हा कलावंतांपैकी सर्वांत आधी त्याने निवडले ते गिल्डाला. पहिला प्रयोग ११ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. सात जणांचा तो संच होता आणि त्यात तीन स्त्रिया होत्या.

आज आपल्या वाहिन्यांवर स्किटचे कार्यक्रम घरोघरी पाहिले जातात, म्हणून त्या कार्यक्रमाची रीत सांगण्यासारखी आहे. सोमवारी त्या आठवड्याच्या पाहुण्याबरोबर बैठक व्हायची, मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून वाचन, पुढचे दोन दिवस तालीम, शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, आणि तिथे न रंगलेले प्रवेश वगळून त्याच रात्री थेट प्रक्षेपण. चूक झाली तर ती देशभर दिसायची. गिल्डाने हे काम सलग पाच मोसम, १९८० पर्यंत केले आणि १९७८ मध्ये त्यासाठी तिला एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला.

तिने उभ्या केलेल्या पात्रांपैकी माझ्या मते सर्वांत मोठे पात्र म्हणजे एमिली लिटेला. ही कमी ऐकू येणारी, नीटनेटके कपडे घातलेली म्हातारी विनोदी बातमीपत्रात आपले मत मांडायला यायची आणि एखादा शब्द चुकीचा ऐकून आल्यामुळे भलत्याच विषयावर तावातावाने बोलायची. दूरचित्रवाणीवर ‘व्हायलन्स’ म्हणजे हिंसाचार फार झाला आहे अशी ओरड तेव्हा चालू होती; एमिलीने मात्र ‘व्हायोलिन’ ऐकलेले असायचे. मुलांनी व्हायोलिन ऐकले तर काय बिघडले, उलट संध्याकाळी लवकर दाखवायला हवे, असे ती कळवळून सांगायची. मृत्युदंडाच्या ‘डेथ’ ऐवजी तिने ‘डेफ’ ऐकलेले असले की, बहिऱ्यांना आणखी दंड कशाला, असा तिचा सवाल असायचा. शेजारचा वृत्तनिवेदक शेवटी तिची चूक दाखवून द्यायचा, आणि मग ती क्षणभर थांबून, गोड हसून एवढेच म्हणायची, ‘नेव्हर माइंड’. आपण म्हणू, ‘असं होय, मग राहू द्या.’

बहिऱ्या माणसावर विनोद करण्याची परंपरा आपल्या रंगभूमीलाही आहे, आणि तो बहुतेक वेळा त्या माणसाच्या फजितीचा विनोद असतो. गिल्डाच्या एमिलीत मला फजिती दिसत नाही. एक शब्द सोडला तर तिचे सगळे म्हणणे तर्कशुद्ध असते, तिची कळकळ अस्सल असते, आणि कान दगा देतात म्हणून तिचे डोके कमी आहे असे गिल्डा एकदाही सुचवत नाही. हे पात्र तिने आपल्या डिबीवरून बेतले होते, आणि ज्या बाईने आपल्याला वाढवले तिची नक्कल करतानाही तिचा मान कसा राखावा हे तिच्या अभिनयात दिसते.

दुसरे पात्र रोझॅन रोझॅनाडॅना, याच्या अगदी उलट. पिंजारलेल्या प्रचंड केसांची ही वार्ताहर एखाद्या प्रेक्षकाच्या पत्राला उत्तर देता देता घाम, नाकातले केस, हॅम्बर्गरमध्ये निघालेली घाणेरडी वस्तू अशा विषयांवर घसरायची. शेजारी बसलेल्या वृत्तनिवेदिकेला, म्हणजे सहकलाकार जेन कर्टिनला, किळस येऊन ती तिला थांबवायची, आणि मग रोझॅन आपल्या आजीचे बोल सांगत म्हणायची की, एक सरत नाही तोच दुसरे काही तरी उपटते. हे बहुतांशी अ‍ॅलन झ्वायबेल या तिच्या जवळच्या मित्राने लिहिले, पण पडद्यावर निर्लज्ज आनंदाने ते बोलून दाखवणारी गिल्डा होती. स्त्रीच्या शरीराविषयी, त्यातल्या घाणीविषयी आणि गैरसोयींविषयी एक स्त्री राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर मोठ्या आवाजात बोलत होती, तेही १९७८ च्या सुमारास. यात किती धैर्य होते हे मला पुढे, माझ्या घरात आजार आला तेव्हा कळले. त्यावर खाली लिहिते.

याशिवाय वृत्तनिवेदिका बार्बरा वॉल्टर्सच्या बोलण्याची ‘बाबा वावा’ ही नक्कल, जिच्यात ‘र’ आणि ‘ल’ चा ‘व’ होई. सर्दीने नाक चोंदलेली, पुस्तकी लिसा लूपनर. आणि आपल्या खोलीत एकटीच दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम खेळणारी लहान मुलगी ज्युडी मिलर. या शेवटच्या प्रवेशात गिल्डा भिंतीवर, पलंगावर, दारावर अंग झोकून देत असे. तेवीस वर्षांचा नट जे सहज करील ते तिशी ओलांडलेली बाई थेट प्रक्षेपणात करत होती. हे प्रवेश आजही पाहायला मिळतात, आणि लेखकाने ते एकदा पाहावेत अशी माझी मनापासून विनंती आहे.

वाहिनीने तिला स्वतःचा स्वतंत्र कार्यक्रम देऊ केला होता. तिने तो नाकारला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तिचा एकटीच्या नावाचा प्रयोग झाला. चित्रपटांत तिला फारसे यश आले नाही, आणि ते चित्रपट चांगले होते असा आग्रह मी धरणार नाही. पण १९८१ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात तिची नट जीन वाइल्डर यांच्याशी गाठ पडली आणि १९८४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांचे लग्न झाले. तिला मूल हवे होते. ते झाले नाही.

आता त्या दहा महिन्यांविषयी. १९८६ च्या जानेवारीत तिला विचित्र थकवा जाणवू लागला. दिवसाढवळ्या, मोटारीत बसल्या बसल्या झोप अनावर होई. आधी तिला सांगण्यात आले की, हा एका विषाणूमुळे येणारा थकवा आहे. मग ओटीपोटात कळा सुरू झाल्या. तेव्हा कोणी वायू म्हटले, कोणी पाळीशी संबंधित दुखणे म्हटले, कोणी ताण म्हटले. मांड्या दुखू लागल्या, पोट फुगले. स्वभाव चिंताळू आहे, असेही तिला ऐकवण्यात आले, आणि विनोदी नटी म्हणून साऱ्या देशाला तिची धांदल, तिची घबराट ठाऊक असल्यामुळे ते पटण्यासारखेही होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अखेर निदान झाले तेव्हा अंडाशयाचा कर्करोग चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होता. तिच्या नात्यात हा रोग आधी होऊन गेला होता, पण तशी विचारपूस कोणी वेळेवर केली नाही, ही वाइल्डर यांची जन्मभराची खंत होती.

माझ्या थोरल्या बहिणीला सत्तावन्नाव्या वर्षी पोट फुगल्यासारखे वाटू लागले. दोन घास खाल्ले की तिला पोट भरल्यासारखे होई आणि लघवीला वारंवार जावे लागे. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी आधी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, नंतर वायूच्या, नंतर ‘या वयात असे होतेच’ असे सांगून झोपेच्या. घरात आम्हीही तिला हेच म्हणत होतो की, ताई, तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस. लघवीचा त्रास तर तिने कित्येक आठवडे कोणाला सांगितलाच नव्हता. असले काही बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. साडेसात महिन्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी झाले होते. त्यानंतर ती दोन वर्षे होती. तिची मुलगी शिकागोला असते. तिनेच त्या दिवसांत गिल्डाचे ‘इट्स ऑल्वेज समथिंग’ हे आत्मचरित्र आणले आणि मी ते ताईच्या उशाशी बसून तिला मराठीत सांगत सांगत वाचले. ज्या पानावर गिल्डा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाते त्या पानाशी ताईने मला थांबवले आणि म्हणाली, ‘हे माझंच आहे.’ त्या पुस्तकाचे नाव रोझॅनच्या आजीच्याच तोंडचे आहे, हे तिला सांगितले तेव्हा ती पुष्कळ दिवसांनी हसली.

आजारपणातही गिल्डा काम करत राहिली, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार चालू असताना ती सँटा मोनिका येथे कर्करुग्णांच्या एका गटात जाऊ लागली. तिथे रुग्ण एकमेकांशी बोलत, आणि गिल्डा तिथेही सगळ्यांना हसवत असे. १९८८ मध्ये, रोग आटोक्यात आला असे वाटत असताना, एका विनोदी मालिकेत ती पाहुणी म्हणून गेली. इतके दिवस कुठे होतीस, असे विचारल्यावर तिने कर्करोग झाला होता असे सरळ सांगून टाकले आणि समोरच्याला विचारले, ‘तुला काय झालं होतं?’ कर्करोग हा शब्द तेव्हा लोक अमेरिकेतही दबक्या आवाजात उच्चारत. आपल्याकडे तर अजूनही शोकवार्तेत ‘दीर्घ आजाराने’ एवढेच छापले जाते.

रोग उलटला आणि २० मे १९८९ रोजी, शनिवारी सकाळी, लॉस एंजेलिस येथे ती गेली. त्याच रात्री ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चा त्या मोसमाचा शेवटचा भाग होता आणि पाहुणा विनोदी नट स्टीव्ह मार्टिन होता. त्याने ठरलेले विनोदी निवेदन बाजूला ठेवले आणि १९७८ मध्ये गिल्डाबरोबर केलेला नाचाचा एक प्रवेश दाखवला. बोलताना त्याला स्वतःला आवरणे कठीण जात होते.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाइल्डर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे डॉ. स्टीव्हन पायव्हर यांनी १९८१ पासून अंडाशयाचा कर्करोग एकापेक्षा अधिक स्त्रियांना झाला आहे अशा कुटुंबांची नोंदवही चालवली होती. १९९० मध्ये तिला गिल्डाचे नाव देण्यात आले. त्याच दशकात, १९९४ आणि १९९५ मध्ये, या रोगाशी निगडित असलेल्या बीआरसीए या दोन जनुकांची ओळख पटली. त्यांतले दोष अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय वंशाच्या, ज्यूंमध्ये सुमारे चाळिसांतील एका व्यक्तीत आढळतात. गिल्डाच्या हयातीत तशी चाचणी उपलब्धच नव्हती, पण कुटुंबाचा इतिहास विचारण्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नव्हती.

वाइल्डर यांनी या रोगाचा सुगावा लागावा म्हणून केल्या जाणाऱ्या सीए-१२५ या रक्ततपासणीचाही हिरिरीने पुरस्कार केला. इथे मात्र त्यांच्यावर प्रेम असूनही सांगायला हवे की, सरसकट सगळ्या स्त्रियांची ती तपासणी करून मृत्यू टळत नाहीत, असे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केली जाणारी पॅप तपासणीही हा रोग दाखवत नाही. म्हणजे तक्रार नसलेल्या स्त्रीत हा रोग हुडकून काढील अशी भरवशाची चाचणी आजही हाती नाही, आणि दुसरीकडे पहिल्या टप्प्यात सापडला तर दहांपैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. या दोहोंच्या मध्ये उरते ते बाईने सांगणे आणि समोरच्याने ऐकणे. एमिली लिटेलाला एक शब्द चुकीचा ऐकू येत असे. गिल्डाच्या बाबतीत आणि माझ्या ताईच्या बाबतीत ज्यांचे कान शाबूत होते त्यांनीच चुकीचे ऐकले, आणि दोघीही पुष्कळ दिवस ‘मग राहू द्या’ म्हणून घरी परतल्या.

गिल्डाने एकदा म्हटले होते की, कर्करोगाने आपल्याला अशा एका खास क्लबाचे सभासदत्व दिले ज्यात आपल्याला मुळीच यायचे नव्हते. त्यावरून जोआना बुल या तिच्या समुपदेशिकेने वाइल्डर आणि इतर मित्रांसह १९९५ मध्ये न्यूयॉर्कला ‘गिल्डाज क्लब’ उघडला. लाल दरवाजाच्या त्या घरात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक विनामूल्य येऊन बसू, बोलू लागले, आणि हळूहळू इतर शहरांतही तशी घरे उभी राहिली. माझी भाची ताईच्या पश्चात शिकागोच्या अशाच घरी जात असे. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसनच्या शाखेने, आजच्या तरुण रुग्णांना गिल्डा कोण हेच माहीत नाही, म्हणून संस्थेच्या नावातून तिचे नाव काढण्याचे ठरवले तेव्हा अनेकांनी संताप व्यक्त केला. मलाही तो निर्णय पटला नाही. माहीत नसेल तर सांगावे. नाव कशाला पुसावे?

म्हणूनच आपल्या पुरवणीतल्या त्या एका ओळीविषयी एवढे लिहिले. लेखकाचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही, आणि हसवणाऱ्या माणसाच्या एकाकीपणावर त्यांनी जरूर लिहावे. परंतु गिल्डाच्या मृत्यूचे कारण पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावे, ही विनंती. त्या दुरुस्तीशेजारी जागा असल्यास चार ओळींची एक चौकटही द्यावी: पोट सतत फुगलेले वाटणे, थोडे खाल्ल्यावर पोट भरणे, ओटीपोटात किंवा पोटात दुखणे, वारंवार किंवा घाईची लघवी लागणे, यांपैकी काही नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा होत असेल, तर विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीने डॉक्टरांकडे जाऊन अंडाशयाच्या कर्करोगाचे नाव घेऊन विचारावे, आणि आई, बहीण, मावशी, आत्या, आजी यांच्यापैकी कोणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असल्यास ते न विचारताही सांगावे. आपली पुरवणी आमच्या आळीत दुपारी बायका एकमेकींना वाचून दाखवतात, हे मी रोज पाहते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा